जेरुसलेमचा वेढा आणि बायबलातला इतिहास

इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब मोठी फौज घेऊन यहूदाच्या छोट्याशा राज्यावर चालून आला. चार वर्षांपूर्वी त्याचा बाप सार्गोन रणांगणावर मारला गेला होता आणि ती संधी साधून अनेक मांडलिक राजांनी खंडणी बंद केली होती. यहूदाचा राजा हिज्कीया त्यांपैकीच एक. सन्हेरीबाने तटबंदीची गावं एकामागून एक घेतली, जेरुसलेमची कोंडी केली, आणि शेवटी राजधानी न घेताच तो परत गेला. हिज्कीया गादीवर कायम राहिला.

सन्हेरीब परत का गेला, याचं बायबलातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकात दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतली १,८५,००० माणसं मारली, असं ते पुस्तक सांगतं.

बायबल शब्दशः इतिहास म्हणून वाचायचं की नाही, हा वाद अशाच ठिकाणी पेटतो. बायबलातलं प्रत्येक विधान घडलेल्या घटनेची बिनचूक नोंद आहे, असं एक बाजू मानते. दुसरी बाजू अशा एखाद्या आकड्यावर बोट ठेवते आणि सगळा ग्रंथच दंतकथा म्हणून बाजूला सारते. मला या दोन्ही बाजू घाईच्या वाटतात. बायबलात प्रोटेस्टंट गणनेप्रमाणे ६६ पुस्तकं आहेत, ती अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिली गेली, आणि त्यांत राजांच्या नोंदी, कायदे, स्तोत्रं, वंशावळ्या, म्हणी, प्रेमगीतं, दृष्टांत आणि पत्रं असं सगळं आहे. या सगळ्याला एकच प्रश्न विचारून एकच उत्तर मिळत नाही. विधान कोणत्या प्रकारच्या लेखनातलं आहे आणि त्याला बाहेरची साक्ष कोणती, हे एकेका विधानापुरतं पाहावं लागतं. ते कसं पाहायचं, हे शिकायला जेरुसलेमच्या वेढ्याइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण या घटनेची साधनं दोन्ही बाजूंकडून शिल्लक राहिली आहेत.

अश्शूरची बाजू

सन्हेरीबाने आपल्या स्वाऱ्यांचा वृत्तान्त मातीच्या षट्कोनी स्तंभांवर कोरून घेतला होता. त्यांतला एक १८३० मध्ये अश्शूरची राजधानी असलेल्या निनवेच्या अवशेषांत कर्नल टेलर यांना मिळाला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच मजकुराच्या आणखी प्रती शिकागोत आणि जेरुसलेममध्ये आहेत. सन्हेरीब त्यात म्हणतो की आपण हिज्कीयाची ४६ तटबंदीची नगरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि खुद्द हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं जेरुसलेममध्ये कोंडलं. पुढे खंडणीची यादी येते. तिच्यात सोनं ३० किक्कार (किक्कार हे त्या काळचं वजनाचं माप), चांदी ८०० किक्कार, शिवाय हस्तिदंती पलंग, राजकन्या आणि गायक-गायिका आहेत.

इतक्या तपशिलात एक वाक्य मात्र नाही. जेरुसलेम घेतलं, असं तो कुठेही म्हणत नाही. घेतलेल्या प्रत्येक गावाची फुशारकी मारणारा राजा राजधानीबद्दल गप्प राहतो, आणि ही चुप्पी इतिहासकाराच्या फार कामाची आहे. शहर पडलं नाही, हे बायबलचं म्हणणं तिच्यामुळे शत्रूच्याच तोंडून सिद्ध होतं.

दुसरी साक्ष चित्रांची आहे. हेन्री लेयार्ड यांनी १८४० च्या दशकात निनवे इथे सन्हेरीबाचा राजवाडा खणला, तेव्हा एका दालनाच्या भिंतींवर एकाच लढाईची शिल्पं सलग कोरलेली आढळली. ही लढाई होती यहूदाच्या लाखीश या नगराची. शिल्पात उतरणीच्या भरावावरून चाकांची वेढायंत्रं तटाला भिडली आहेत. तटावरचे लोक वरून पेटत्या मशाली फेकताहेत. यंत्र पेटू नये म्हणून त्यातला एक अश्शूरी सैनिक लांब दांड्याच्या पळीने पुढच्या भागावर पाणी ओततो आहे. खाली बायका, मुलं आणि बैलगाड्यांवर लादलेलं सामान असे घरदार सोडून निघालेल्या लोकांचे तांडे चालले आहेत. काही कैद्यांना सुळावर दिलं आहे. सगळ्यांसमोर सन्हेरीब सिंहासनावर बसला आहे आणि बाजूच्या कीलाकृती लेखात लाखीशचं नाव आहे.

ही शिल्पं खरी की राजाची खुशामत, याचा निकाल लाखीशच्या टेकाडाने दिला. आजच्या इस्रायलमधल्या या टेकाडाच्या उत्खननात नगराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर दगडांचा प्रचंड भराव सापडला. तटाच्या आतल्या बाजूला बचाव करणाऱ्यांनी घाईघाईने घातलेला उलटा भरावही मिळाला. शेकडो बाणांची टोकं, गोफणगुंडे आणि जळालेल्या घरांचा थर निघाला. वेढा शिल्पात दाखवला तसाच झाला होता. ‘दुसरे राजे’ या पुस्तकात लाखीशची लढाई वर्णन केलेली नाही. हिज्कीयाने सन्हेरीबाकडे निरोप पाठवला तेव्हा तो लाखीश इथे होता, एवढंच त्यात म्हटलं आहे. ओझरत्या येणाऱ्या या तपशिलाला दगडाची साक्ष मिळाली.

जेरुसलेमची बाजू

हिज्कीयाने पाण्याची सोय केली, तलाव आणि पाट बांधून नगरात पाणी आणलं, असं बायबलात लिहिलं आहे. जेरुसलेममध्ये गीहोन झऱ्याचं पाणी तटाच्या आत नेणारा बोगदा आजही वाहता आहे. तो ५३३ मीटर लांब आहे आणि अखंड खडकातून नागमोडी खोदलेला आहे. दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून खोदायला सुरुवात केली आणि त्या मध्ये भेटल्या. १८८० मध्ये एका मुलाला या बोगद्याच्या भिंतीवर जुन्या हिब्रू लिपीतला सहा ओळींचा लेख दिसला. दोन्ही बाजूंच्या खोदणाऱ्यांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले आणि शेवटच्या घावाने पाणी कसं वाहू लागलं, ते त्यात सांगितलं आहे. हा लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

त्या लेखात हिज्कीयाचं नाव नाही, त्यामुळे बोगदा त्याचाच का, याबद्दल शंका घेतली जात होती. २००३ मध्ये बोगद्याच्या गिलाव्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांचं आणि छतावर साठलेल्या चुनखडीचं कालमापन प्रसिद्ध झालं. त्यातून निघणारा काळ इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचा, म्हणजे हिज्कीयाच्या कारकिर्दीशी जुळणारा आहे.

इथवर बायबल खरं ठरतं, तेही सोन्याच्या आकड्यापर्यंत. ‘दुसरे राजे’ या पुस्तकातही हिज्कीयाने दिलेलं सोनं ३० किक्कारच आहे. चांदी तिथे ३०० किक्कार आहे आणि अश्शूरच्या यादीत ८००. दोन शत्रुपक्षांच्या नोंदींत सोन्याचा आकडा तंतोतंत जुळावा, ही प्राचीन इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे.

एकच वेढा, तीन कथनं

खरी कसोटी इथून पुढे लागते. हा वेढा बायबलात एकदा नाही, तीनदा सांगितला आहे. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या १८ आणि १९ या अध्यायांत, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ३६ आणि ३७ या अध्यायांत, आणि ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात.

‘दुसरे राजे’ या पुस्तकात १८ व्या अध्यायाच्या १४ ते १६ या तीन वचनांत हिज्कीया आपला अपराध कबूल करतो, सन्हेरीब मागेल ते द्यायला तयार होतो आणि मंदिराच्या दारांवरचं सोनं उतरवून देतो. पुढच्याच वचनापासून जणू वेगळीच कथा सुरू होते. खंडणी पोचली असतानाही अश्शूरचे सरदार जेरुसलेमच्या तटापाशी येऊन हिज्कीयाला शरण यायला सांगतात, हिज्कीया प्रार्थना करतो, यशया धीर देतो आणि रात्रीत फौज मरते. पहिल्या भागातला राजा पैसे देऊन सुटका करून घेतो, दुसऱ्या भागातला राजा देवावर भरवसा ठेवून ठाम उभा राहतो. इथे दोन वेगळे वृत्तान्त जोडले गेले आहेत, असं अभ्यासक एकोणिसाव्या शतकापासून मांडत आले आहेत.

यशयाच्या पुस्तकात जवळजवळ हाच मजकूर शब्दाला शब्द जुळतो, पण खंडणीची ती तीन वचनं नाहीत. ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकातही खंडणी नाही. तिथला हिज्कीया झरे बुजवतो, तट दुरुस्त करतो, लोकांना धीर देतो, आणि विजयानंतर लोक त्यालाच भेटी आणून देतात. सन्हेरीबाच्या स्तंभावर खंडणी आहे, मातीत पराभवाच्या खुणा आहेत, आणि बायबलाच्या तीन कथनांपैकी एकाच कथनात खंडणीची कबुली आहे.

सगळं शब्दशः घ्यायचं म्हटलं तर हा फरक झाकावा लागतो. तीन कथनांची एकच सलग गोष्ट करण्याच्या नादात एका लेखकाने कोणती नामुष्की जपून ठेवली आणि दुसऱ्याने कोणती वगळली, हे दिसेनासं होतं. मला हा तोटा फार मोठा वाटतो. राजाने मंदिराचं सोनं उतरवून शत्रूला दिलं, ही आपल्याच पक्षाची लाज वाचवणारी नाही तर उघड करणारी नोंद ज्याने राहू दिली, तो लेखक विश्वासार्ह आहे. त्याची किंमत कळायची तर शेजारी दुसरी दोन कथनं उघडून ठेवावी लागतात.

फौज, दूत आणि उंदीर

१,८५,००० हा आकडा इतिहास म्हणून घेता येत नाही. एका रात्रीत एवढी फौज गेली असती तर अश्शूरचं साम्राज्य कोसळलं असतं. प्रत्यक्षात सन्हेरीबाने त्यानंतर वीस वर्षं राज्य केलं आणि इसवी सनापूर्वी ६८९ मध्ये बाबेल उद्ध्वस्त केलं. सन्हेरीबाचे २,००,१५० कैदीही अभ्यासकांना फुगवलेलेच वाटतात. युद्धातले आकडे वाढवून सांगणं ही त्या काळच्या लेखनाची सर्वमान्य रीत होती. एका पक्षाचा आकडा शब्दशः घ्यायचा आणि दुसऱ्याचा फेटाळायचा, हा न्याय नाही. कसोटी दोघांना एकच लावायला हवी.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या ग्रंथातही सन्हेरीबाच्या माघारीची एक कथा आहे. ती त्याने मिसरमध्ये ऐकली. तिच्यात मिसरच्या सीमेवर रात्री उंदरांनी अश्शूरच्या छावणीतले भाते, धनुष्यांच्या दोऱ्या आणि ढालींच्या मुठी कुरतडल्या आणि सकाळी निःशस्त्र फौज पळाली. काहींनी उंदरांवरून साथीच्या रोगाचा अंदाज बांधला. मिसरकडून मदतीची फौज येत होती, हे बायबल आणि सन्हेरीब दोघेही सांगतात. खंडणीही मिळालीच होती. माघारीला ही सगळी कारणं मिळून पुरेशी होतात. यांतलं नेमकं कोणतं किती मोठं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

बायबलातल्या या अध्यायांत आणखी दोन तपशील पाहण्यासारखे आहेत. सन्हेरीबाशी लढायला निघालेल्या तिऱ्हाकाला इथे मिसरच्या दक्षिणेकडच्या कूशचा राजा म्हटलं आहे, पण ७०१ मध्ये तो अजून गादीवर आला नव्हता. त्याची कारकीर्द ६९० मध्ये सुरू झाली. लिहिणाऱ्याने त्याला पुढे मिळालेल्या पदवीने ओळखलं. दुसरा तपशील सन्हेरीबाच्या मृत्यूचा. फौज मेली, तो निनवेला परतला आणि देवळात पूजा करताना त्याच्याच मुलांनी त्याला मारलं, असं बायबल लागोपाठ सांगतं. मुलाने मारलं हे बाबेलच्या इतिवृत्तातही आहे, म्हणजे घटना खरी आहे. पण ती इसवी सनापूर्वी ६८१ मधली. माघार आणि खून यांच्या मधली वीस वर्षं लेखकाने एका वचनात ओलांडली, कारण देवाला आव्हान देणाऱ्याचं काय होतं हे त्याला दाखवायचं होतं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याचा हेतू कालानुक्रमे नोंद ठेवण्यापेक्षा वेगळा होता, इतकंच.

देवाने शहर वाचवलं का, या प्रश्नाचं उत्तर मातीच्या स्तंभातही नाही आणि खोदकामातही नाही. तो श्रद्धेचा प्रश्न आहे. इतिहासकार शहर वाचलं इथपर्यंत येतो आणि थांबतो. त्याने तिथे थांबावं हेच योग्य.

साक्ष उलट जाते तेव्हा

राजांच्या काळातल्या बऱ्याच विधानांना असा आधार मिळाला आहे. १८६८ मध्ये सापडलेल्या मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखात इस्राएलचा राजा अम्री आहे. उत्तर इस्रायलमधल्या तेल दान इथे १९९३ मध्ये मिळालेल्या अरामी शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख आहे. दावीद ही निव्वळ कल्पना आहे, असं म्हणणाऱ्यांना त्यानंतर आपली बाजू फिरून तपासावी लागली.

त्याआधीच्या काळात मात्र जमीन घसरते. इस्राएलचा सेनानी यहोशवा याच्या नावाच्या पुस्तकात यरीहो या नगराचे तट रणशिंगांच्या आवाजाने पडतात. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी यरीहो इथे पडलेले तट शोधले आणि ते यहोशवाच्या काळचे म्हणून जाहीर केले. १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केनियन यांनी तिथे पुन्हा, जास्त काटेकोरपणे खोदकाम केलं. ते तट त्याहून जवळजवळ हजार वर्षं जुने निघाले. यहोशवाचा काळ बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात धरतात आणि त्या काळी तिथे तटबंदीचं नगरच नव्हतं. यहोशवाने जिंकलेलं म्हणून सांगितलेलं दुसरं नगर आय. त्याचं म्हणून ओळखलं जाणारं टेकाड त्याआधी हजाराहून जास्त वर्षं ओस पडलं होतं.

निर्गमाच्या पुस्तकात मिसरमधून इस्राएलचे पायी चालणारे सहा लाख पुरुष निघाले, म्हणजे बायकामुलं धरून वीस लाखांहून जास्त माणसं झाली. एवढ्या लोकांची चाळीस वर्षांची वाट सीनायच्या वाळवंटात खुणेशिवाय राहिली नसती. इस्राएलचा सगळ्यात जुना उल्लेख फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये मिळालेल्या फारो मर्नेप्ताहच्या शिलालेखात आहे. तो इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमाराचा असून त्यात इस्राएल हे कनानमधले लोक म्हणून येतात. एखादा छोटा गट मिसरमधून आला आणि त्याची आठवण पुढे सगळ्या लोकांची झाली, असं अनेक अभ्यासकांना शक्य वाटतं. शब्दशः वीस लाख हे मात्र शक्य नाही.

जलप्रलयाचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी जॉर्ज स्मिथ यांनी लंडनमध्ये निनवेच्या ग्रंथालयातल्या एका मातीच्या पाटीचं वाचन सादर केलं. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टनही होते. त्या पाटीवर नोहाच्या कथेसारखाच प्रलय होता. देवाची सूचना, मोठी नौका, डोंगरावर टेकणं, पक्षी सोडून जमीन शोधणं, शेवटी अर्पण, सगळं होतं. पण देव अनेक होते आणि नौका बांधणारा उतनपिश्तिम होता. काही लोकांना त्यात बायबलचा पुरावा दिसला. हे मेसोपोटेमियाच्या पूरग्रस्त खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाणारं कथानक आहे, असं अभ्यासकांच्या लक्षात आलं. इस्राएलच्या लेखकांनी ते घेतलं आणि त्यातून स्वतःच्या देवाबद्दलचं, पाप आणि न्याय यांबद्दलचं म्हणणं मांडलं.

शब्दशः वाचन कुठून आलं

शब्दशः वाचन हीच जुनी आणि खरी ख्रिस्ती परंपरा आहे, असं आज अनेकांना वाटतं. चर्चच्या इतिहासात तसं दिसत नाही. तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेन या धर्मपंडिताने सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला तर त्याआधीचे तीन दिवस आणि त्यांच्या संध्याकाळ-सकाळी कशा झाल्या, असा प्रश्न विचारून त्या वर्णनाचा आध्यात्मिक अर्थ घ्यायला सांगितलं. पुढे धर्माचार्य ऑगस्टिनने उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना ख्रिस्ती लोकांना बजावलं की आकाश आणि पृथ्वीबद्दल जाणकार लोकांना माहीत असलेल्या गोष्टींत बायबलच्या नावावर चुकीचं बोलू नका, त्याने धर्माचंच हसू होतं.

आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी मिळवून जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये बसवली. पुढे ती तारीख इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जाऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना ती मूळ ग्रंथाचाच भाग वाटली. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्राने पृथ्वीचं वय पुढे ढकललं तेव्हा संघर्ष झाला तो या समासातल्या तारखेशी.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप जॉन कोलेन्सो यांच्याकडे बायबलच्या झुलू अनुवादाला मदत करणारे विल्यम न्गिडी यांनी एकदा त्यांना विचारलं, की प्रलयाची ही कथा तुम्ही खरोखर घडली असं मानता का. गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिलेल्या या बिशपना खोटं उत्तर देता येईना. १८६२ पासून त्यांनी निर्गमातले आकडे एकेक करून तपासले आणि ते शक्य नाहीत, हे छापून प्रसिद्ध केलं. चर्चने त्यांना पदावरून काढण्याचा निर्णय घेतला, तरी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो मान्य केला नाही. एका प्रामाणिक प्रश्नापुढे पद पणाला लावणारा हा माणूस या वादात मला सगळ्यात मोठा वाटतो.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. जुलै १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी फिर्यादी पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीला उभं केलं. निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही, हे ब्रायन यांना मान्य करावं लागलं. शब्दशः वाचनाचा सगळ्यात मोठा वकीलही प्रत्येक शब्द शब्दशः घेऊ शकला नाही. स्कोप्सना १०० डॉलरचा दंड झाला, तो १९२७ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला.

आज दोन्ही भूमिका अधिकृतपणे मांडलेल्या आहेत. १९७८ च्या शिकागो निवेदनात इव्हॅंजेलिकल नेत्यांनी बायबल इतिहास आणि विज्ञानाच्या बाबतीतही निर्दोष असल्याचं म्हटलं, आणि त्याच निवेदनात लेखनप्रकार लक्षात घ्यावा असंही मान्य केलं. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला आणि त्याला काय म्हणायचं होतं, हे पाहूनच वाचावं, अशी भूमिका घेतली.

नव्या करारात

इतिहासाचा प्रश्न सोडूनच द्यावा, असा याचा अर्थ नाही. ख्रिस्ती धर्म एका विशिष्ट काळी, विशिष्ट ठिकाणी घडलेल्या घटनेवर उभा आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असं पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिलं. त्यामुळे सगळंच रूपक म्हणणं हाही न्याय होत नाही.

नव्या करारातही एकेका विधानाला वेगळी साक्ष मिळते. पंतय पिलात याचं नाव कोरलेला शिलाखंड १९६१ मध्ये कैसरियात सापडला. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पौलाचा खटला ज्याच्यासमोर आला, तो गल्लियो इसवी सन ५१ च्या सुमारास अखया प्रांताचा अधिकारी होता, हे डेल्फीच्या शिलालेखातून कळतं. दुसऱ्या बाजूने मत्तयाप्रमाणे येशूचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. लूक तो जन्म ज्या शिरगणतीच्या वेळी झाला असं सांगतो, ती सुभेदार क्विरिनियच्या वेळची शिरगणती मात्र इसवी सन ६ ची. दोन्ही जुळवायचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत, पण सर्वमान्य तोडगा निघालेला नाही.

मराठी वाचकाजवळची कसोटी

हा वाद मुंबईत चांगला ओळखीचा होता. १८३१ मध्ये हिंदू पंडित मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांच्यात वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. त्या वादांत एकमेकांच्या ग्रंथांतल्या कथा शब्दशः धरून त्यांतल्या विसंगती दाखवण्यावर बरीच शक्ती गेली. त्या पद्धतीने एका बाजूला हरवता येतं, पण ग्रंथ समजत नाही.

समजून घेण्याची पद्धत मराठीत वि. का. राजवाडे यांनी घालून दिली. बखरीवर डोळे झाकून विसंबू नये, अस्सल कागदांशी ती ताडून पाहावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यातून बखरींची किंमत कमी झाली नाही. सैन्याचे आकडे वाढवलेले आहेत हे कळलं, आणि त्याच वेळी लिहिणाऱ्याला काय जपावंसं वाटलं, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली, हेही कळलं. हिज्कीयाच्या अध्यायांना हीच वागणूक द्यायला हवी.

माझं मत स्वच्छ आहे. बायबल शब्दशः इतिहास म्हणून वाचू नये, आणि इतिहास नाही म्हणून टाकूनही देऊ नये. ज्या वाक्याला साक्ष आहे ते इतिहास म्हणून स्वीकारावं, ज्याच्या विरुद्ध साक्ष आहे ते मोकळेपणाने तसं म्हणावं, आणि जे वाक्य इतिहास सांगायला लिहिलेलंच नाही त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा ठेवू नये. श्रद्धावानाने या तपासणीला घाबरण्याचं कारण नाही, कारण खंडणीची ती तीन वचनं बायबलानेच आपल्यासाठी ठेवली आहेत. आणि जो श्रद्धा ठेवत नाही, त्यानेही मराठी बायबल घ्यावं, ‘दुसरे राजे’ १८ आणि १९, यशया ३६ आणि ३७, आणि ‘दुसरे इतिहास’ ३२ हे अध्याय शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचावेत. तासाभराचं काम आहे, आणि कोणताही प्राचीन ग्रंथ कसा वाचावा हे त्यातून शिकता येतं.